कॅनडात दोन वर्षांचा डिप्लोमा संपतोय: वर्क परमिट ते पीआर, काय कधी करायचं?

प्राजक्त_ओंजळ

ऑन्टारिओतल्या एका सरकारी कॉलेजात अकाउंटिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. शेवटचं सेमिस्टर २४ एप्रिल २०२६ ला संपेल आणि निकाल व कम्प्लिशन लेटर ८ मेच्या सुमारास मिळेल असं कॉलेज सांगतंय. स्टडी परमिटसाठी अर्ज जून २०२४ मध्ये केला होता, परमिट ३१ जुलै २०२६ पर्यंत आहे. पासपोर्ट मार्च २०२८ ला संपतो. वय २५, अविवाहित. भारतात तीन वर्षांचं बीकॉम आणि त्यानंतर दोन वर्षं अकाउंट्समधली पूर्णवेळ नोकरी झालेली आहे. सध्या एका किराणा दुकानात आठवड्याला वीस-बावीस तास काम चालू आहे.

पीजीडब्ल्यूपीला, म्हणजे शिक्षणानंतरच्या वर्क परमिटला, अर्ज करायला १८० दिवस मिळतात असं ऐकलं. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत निवांत अर्ज केला तर चालेल का? पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, दुकानातलं काम धरतात का? आणि या माहितीवर पीआरच्या निवडीचे गुण साधारण किती होतील? वर्गात प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून नियम माहीत असलेल्यांना विचारते आहे.

---

उत्तरायण

आधी १८० दिवसांबद्दल, कारण इथेच सर्वांत जास्त मुलं अडकतात.

अर्जाची मुदत १८० दिवसांची आहे हे खरं. ८ मेला लेटर मिळालं तर ती ४ नोव्हेंबरला संपते. पण ही मुदत फक्त अर्ज करण्याची आहे. तोवर देशात राहायला आणि काम करायला परवानगी आहे असा तिचा अर्थ होत नाही. स्टडी परमिट त्यावर छापलेल्या तारखेला किंवा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांनी संपतं, यातलं जे आधी येईल ते. तुमचे ९० दिवस ६ ऑगस्टला भरतात आणि परमिटवर ३१ जुलै आहे, म्हणून तुमच्यासाठी ३१ जुलै. ज्यांच्या परमिटवर डिसेंबरची तारीख असते त्यांनी तर जास्त जपायला हवं, कारण त्यांचं परमिट छापील तारखेच्या कितीतरी आधी निकामी होतं आणि कुणी पत्र पाठवून तसं कळवत नाही.

३१ जुलैनंतर अर्ज केला तर आधी स्टेटस परत मिळवायला रिस्टोरेशन लागेल. त्याला वेगळी फी आहे आणि निर्णय येईपर्यंत एक तासही काम करता येत नाही. उलट, परमिट जिवंत असताना अर्ज केला, अभ्यासक्रम पूर्ण झालेला असला आणि शिकत असताना कामाच्या तासांची मर्यादा मोडलेली नसली, तर निर्णयाची वाट पाहताना पूर्णवेळ काम करता येतं. हे काम पुढे पीआरच्या अनुभवातही धरलं जातं. म्हणून निवांत हा शब्द काढून टाका. लेटर हातात आलं की त्याच दिवशी अर्ज करा. लेटर मिळाल्यापासून अर्ज जाईपर्यंतच्या मधल्या दिवसांत कॉलेजबाहेरचं काम थांबवावं लागतं, कारण तेव्हा तुम्ही विद्यार्थीही नसता आणि वर्क परमिटचे अर्जदारही नसता. लोक दुकानातली शिफ्ट चुकू नये म्हणून हे चार-सहा दिवस तसेच काम करतात आणि विनापरवाना कामाची नोंद स्वतःच्या हाताने करून ठेवतात.

आता अर्जाला काय लागतं ते.

कॉलेजचं कम्प्लिशन लेटर आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट, दोन्ही. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेचा पुरावाही लागतो. कॉलेजच्या डिप्लोमाला चारही कौशल्यांत सीएलबी ५ (सीएलबी म्हणजे भाषेच्या पातळीचं कॅनडाचं मोजमाप), विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी ७. आयईएलटीएस द्यायची असेल तर जनरल ट्रेनिंगच द्या. प्रवेशासाठी दिलेली अकॅडेमिक इथे चालत नाही, आणि हे अनेकांना अर्ज भरताना कळतं. सेलपिप जनरल आणि पीटीई कोअरही चालतात. परीक्षा मार्चमध्येच देऊन टाका. फी २५५ डॉलर: १५५ वर्क परमिटचे, १०० ओपन वर्क परमिट धारकाचे.

अभ्यासक्रमाच्या विषयाची अट, म्हणजे ठरावीक सहा आकडी सीआयपी कोडच्या (अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणाच्या) यादीत विषय असला पाहिजे ही अट, ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज १ नोव्हेंबर २०२४ ला किंवा नंतर केला त्यांना आहे. तुमचा अर्ज जून २०२४ चा, म्हणून ती लागू नाही. अर्जासोबत एक परिच्छेदाचं पत्र जोडून ती तारीख लिहून ठेवा आणि जुनं अर्ज-पुष्टीचं पत्र लावा. अधिकाऱ्याला शोधायला लावू नये.

शेवटचं सेमिस्टर सोडून प्रत्येक सेमिस्टर पूर्णवेळ असायला हवं. एखादा विषय सोडल्यामुळे मधलं सेमिस्टर अर्धवेळ झालं असेल तर आत्ताच ट्रान्सक्रिप्ट काढून बघा. आजारपणासारखं कारण असेल तर कॉलेजकडून मंजूर रजेचं पत्र मिळवा.

राहिला पासपोर्ट. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पीजीडब्ल्यूपी तीन वर्षांचा मिळतो, पण पासपोर्टच्या तारखेपलीकडे तो देत नाहीत. तुमचा पासपोर्ट मार्च २०२८ ला संपतो, म्हणजे तुमचं सव्वा वर्ष कापलं जाईल. नूतनीकरणाला आजच अर्ज टाका. मेपर्यंत नवा पासपोर्ट आला नाही तर जुन्यावर अर्ज करा, थांबू नका. कापलेला काळ नंतर नव्या पासपोर्टवर वाढवून मागता येतो. पण तो आणखी एक अर्ज, आणखी एक प्रतीक्षा. पीजीडब्ल्यूपी आयुष्यात एकदाच मिळतो, तो पूर्ण लांबीचा पदरात पडलेला बरा.

---

तराजू

दुकानातल्या कामाचं उत्तर सरळ आहे: नाही. कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास, म्हणजे सीईसी, हा कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर मिळवायचा मार्ग. त्यासाठी पूर्णवेळ विद्यार्थी असतानाचं कोणतंही काम धरत नाहीत. अभ्यासक्रमाचा भाग असलेलं को-ऑप कामही नाही. मोजणी पीजीडब्ल्यूपीचा अर्ज गेल्यानंतरच्या कामापासून सुरू होते, तीही काम योग्य दर्जाचं असेल तरच.

हा दर्जा कसा ठरतो ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी इमारत यावर उभी आहे. प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी एनओसी कोड असतो (ना-हरकत प्रमाणपत्राशी याचा काही संबंध नाही, हे कॅनडाचं व्यवसायांचं वर्गीकरण आहे). त्यातला दुसरा आकडा म्हणजे टीअर, कामाची पातळी. सीईसीला टीअर ०, १, २, ३ चालतात. ४ आणि ५ चालत नाहीत.

तुमच्याच क्षेत्रातली उदाहरणं घेऊ. १२२०० म्हणजे अकाउंटिंग टेक्निशियन आणि बुककीपर, दुसरा आकडा २, चालतं. १३१०२ म्हणजे पेरोल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टीअर ३, चालतं. १४२०० म्हणजे अकाउंटिंग क्लार्क, टीअर ४, चालत नाही. १४१०० जनरल ऑफिस सपोर्ट, तेही नाही. आणि गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की या पदांचं रोजचं काम एकमेकांत मिसळलेलं असतं. फक्त बिलं टाकणं, इन्व्हॉइस पाठवणं, देणी-येणी नोंदवणं एवढंच काम असेल तर ते क्लार्कचं. लेजर सांभाळणं, बँक रिकन्सिलिएशन, ट्रायल बॅलन्स काढणं, कराचे फॉर्म तयार करणं, महिन्याचे आर्थिक अहवाल बनवणं हे बुककीपरचं.

पदाचं नाव काय आहे याने निर्णय होत नाही. अधिकारी त्या कोडखालचं प्रमुख वाक्य आणि मुख्य कामांची यादी तुमच्या पत्राशी ताडून पाहतो. म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी जॉब डिस्क्रिप्शन मागा आणि ते एनओसीच्या पानाशेजारी ठेवून वाचा. मुलाखतीतच विचारा की रिकन्सिलिएशन आणि महिनाअखेरचं काम मला मिळेल का. तासाला दोन डॉलर जास्त देणारी टीअर ४ ची नोकरी पत्करली तर पीआरच्या दृष्टीने ते वर्ष कोरंच राहतं.

तास मोजायचे कसे? १,५६० तास, म्हणजे आठवड्याला ३० तास असे ५२ आठवडे, आणि हे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांतले हवेत. आठवड्याला पन्नास तास राबलं तरी तिसाच्या वरचे मोजत नाहीत, म्हणून नऊ महिन्यांत वर्ष पूर्ण होत नाही. उलट १५ तासांची अर्धवेळ नोकरी २४ महिने केली तर चालते, आणि दोन अर्धवेळ नोकऱ्या मिळून ३० झाले तरी चालतात, दोन्हींचा टीअर योग्य असला म्हणजे झालं. नेहमीची पगारी रजा वगळत नाहीत. पण भारतात जाऊन दोन महिने लॅपटॉपवर तेच काम केलं तर ते सीईसीत धरत नाहीत, कारण काम करताना तुम्ही प्रत्यक्ष कॅनडात असायला हवं.

आणखी एक सापळा, खास अकाउंटिंग आणि आयटीवाल्यांसाठी. लहान फर्म म्हणते, तुला कर्मचारी न धरता कॉन्ट्रॅक्टर धरतो, तू इन्व्हॉइस दे. हे स्वयंरोजगारात जातं आणि सीईसीत स्वयंरोजगार शून्य. वर्षअखेर टी४ स्लिप (मालक कर्मचाऱ्याला देतो तो पगाराचा आणि कपातीचा दाखला) मिळणार आहे ना, एवढं पहिल्याच दिवशी विचारा. रोख पगार तर घेऊच नका. पे-स्टब नाही, टी४ नाही, कर विवरणपत्रात दिसत नाही, मग ते काम झालं होतं हे दाखवणार कशाने?

---

बेरीज_वजाबाकी

गुणांचं मी मांडते. एक्सप्रेस एन्ट्री म्हणजे गुणांवर पीआरचे अर्जदार निवडण्याची केंद्राची व्यवस्था, सीईसी त्यातच येतो. तिची सीआरएस ही गुणपद्धत १,२०० गुणांची आहे. तुम्ही जून २०२६ मध्ये टीअर २ ची नोकरी धरली आणि जून २०२७ ला एक वर्ष पूर्ण झालं असं धरते. इंग्रजीत चारही कौशल्यांत सीएलबी ९, म्हणजे आयईएलटीएसमध्ये ऐकणं ८.०, बाकी तिन्ही ७.०.

वय: ११० (२० ते २९ पर्यंत पूर्ण गुण, तिसावं लागलं की १०५, मग दरवर्षी पाच-सहा कमी)
शिक्षण: १२८
इंग्रजी: ३१ गुणिले ४ = १२४
कॅनडातला एक वर्षाचा अनुभव: ४०
कौशल्य-सांगड (शिक्षण, भाषा, अनुभव यांच्या जोड्यांचे जादा गुण): शिक्षणाचे ५०, भारतातल्या अनुभवाचे २५ अधिक १३ = ३८, एकूण ८८
कॅनडातल्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा बोनस: १५

बेरीज ५०५.

शिक्षणाच्या १२८ कडे लक्ष द्या. फक्त दोन वर्षांचा डिप्लोमा दाखवला तर ९८ मिळतात. बीकॉमचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, करून घेतलं आणि अहवालात ते तीन वर्षांची पदवी म्हणून आलं, तर दोन शैक्षणिक अर्हता धरल्या जातात आणि १२८ होतात. सांगडीचे शिक्षणाचे गुणही मग ३८ वर न अडकता ५० पर्यंत जातात. एका अहवालाने चाळीसहून जास्त गुणांचा फरक! तरी मुलं म्हणतात, माझा डिप्लोमा कॅनडाचाच आहे, मला ईसीए कशाला. ईसीए पाच वर्षं चालतो, म्हणून आत्ता केला तरी वाया जात नाही. भारतातल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट मूल्यांकन संस्थेकडे जावं लागतं आणि वेळ तिथेच जातो.

आता इंग्रजीत एकाच कौशल्यात घसरण झाली तर काय होतं बघा. लेखनात ७.० ऐवजी ६.५ आले, म्हणजे सीएलबी ८. थेट नुकसान ८ गुणांचं. पण सांगडीतले भारतीय अनुभवाचे २५ हे चारही कौशल्यांत सीएलबी ९ असेल तरच मिळतात, नाहीतर १३. तिथे आणखी १२ गेले. अर्ध्या बँडपायी एकूण २० गुण, ५०५ चे ४८५. म्हणून लेखनावर वेगळी मेहनत घ्या, बहुतेकांचं तिथेच अडतं.

५०५ पुरतील का? ठरावीक गुणांच्या वरच्यांना अर्जाचं आमंत्रण देणाऱ्या फेऱ्यांना ड्रॉ म्हणतात. २०२५ मधले सीईसीचे ड्रॉ ५१५ ते ५४७ च्या दरम्यान गेले. म्हणजे पहिल्या वर्षअखेर तुम्ही उंबरठ्याबाहेर असाल. दुसरं वर्ष पूर्ण झालं की अनुभवाचे ४० चे ५३ होतात आणि सांगडीतले ३८ चे ५०, मिळून २५ वाढतात, ५३०. तोवर तुम्ही २७ च्या असाल, वयाचे गुण तसेच. तीन वर्षांचा परमिट पूर्ण लांबीचा मिळवणं किती गरजेचं आहे ते इथे दिसतं. मार्च २०२८ ला परमिट संपला तर दुसरं वर्ष भरायच्या आतच सामान आवरावं लागेल.

इंग्रजीतही वर सरकायला जागा आहे. चारहीत सीएलबी १० झालं तर प्रत्येकी ३४, म्हणजे १२ गुण जास्त. त्याला ऐकणं ८.५, वाचन ८.०, लेखन आणि बोलणं ७.५ लागतं.

---

प्राजक्त_ओंजळ

मनापासून आभार, पासपोर्टचा अर्ज आज भरायला घेते. आणखी तीन शंका. दुकानाचा मालक म्हणतो की एप्रिलनंतर सुपरवायझर करतो, पद टीअर २ मध्ये बसेल. ते घ्यावं का? दुसरं, एक एजंट पैसे घेऊन जॉब ऑफरचं पत्र देतो, त्याने गुण वाढतात म्हणाला. आणि फ्रेंच शिकावं असं काही जण सांगतात, त्याचा खरंच उपयोग होतो का?

---

तराजू

दुकानातला सुपरवायझर हा एनओसी ६२०१०, टीअर २, कागदावर चालतो. पण या कोडच्या फायली बारकाईने तपासल्या जातात. तुमच्या हाताखाली प्रत्यक्ष माणसं असतील, त्यांचं वेळापत्रक तुम्ही लावत असाल, नव्यांना शिकवत असाल, मालाची मागणी आणि विक्रीचे अहवाल तुमच्याकडे असतील, तर जरूर घ्या. चार जणांच्या दुकानात तिघे सुपरवायझर असतील तर अधिकाऱ्याला प्रश्न पडणारच. शिवाय पगार कॅशियरइतकाच राहिला तर शंका आणखी बळावते. अकाउंट्सची नोकरी शोधत राहा आणि मधल्या काळात हे करा, असं माझं मत.

एजंटपासून लांब राहा. जॉब ऑफरचे सीआरएस गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत, म्हणजे तो जे विकतोय त्याला आता गुणच नाहीत. आणि विकत घेतलेलं पत्र फाइलला लावणं म्हणजे खोटी माहिती देणं. त्याची शिक्षा अर्ज फेटाळण्यावर थांबत नाही, पाच वर्षं कॅनडाबंदी होते. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार (आरसीआयसी), लॉ सोसायटीचे सदस्य असलेले वकील व पॅरालीगल आणि क्यूबेकमधले नोटरी यांनाच आहे. आरसीआयसीचा परवाना क्रमांक त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत पाहता येतो.

---

बेरीज_वजाबाकी

फ्रेंचचा उपयोग? सगळ्या पर्यायांत सर्वांत मोठा, आणि लोक सर्वांत उशिरा त्याकडे वळतात.

टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षांत चारही कौशल्यांत एनसीएलसी ७ (सीएलबीसारखंच फ्रेंचचं मोजमाप) आलं आणि इंग्रजी सीएलबी ५ किंवा वर असलं तर ५० अतिरिक्त गुण, शिवाय दुसऱ्या भाषेचे १२. तुमचे ५०५ तिथेच ५६७ होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात आणि त्यांचा कटऑफ फार खाली असतो. २१ मार्च २०२५ चा ड्रॉ ३७९ ला गेला, ७,५०० जणांना आमंत्रण मिळालं. सीईसीशी तुलना करा.

पण एनसीएलसी ७ म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी२. शून्यापासून रोज दोन तास अभ्यास धरला तरी दीड वर्षाच्या आत ते होईल असं मानू नका. एक-दोन कौशल्यांत ७ आणि बाकीच्यांत ५ आले तर ते ५० गुण मिळत नाहीत, आणि वेगळ्या ड्रॉतही बसत नाही. म्हणून परमिटच्या तिसऱ्या वर्षी घाबरून सुरू करण्यात अर्थ नाही. आज सुरू केलंत तर दुसऱ्या वर्षअखेर परीक्षा, तेव्हाच तुमचे इंग्रजीच्या बळावरचे ५३० ही झालेले असतील. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहतील.

---

ध्रुवतारा

एक्सप्रेस एन्ट्रीबाहेरचे मार्गही माहीत असू द्या, विशेषतः गुण कमी पडणाऱ्यांनी.

प्रांतिक नामांकन मिळालं की सीआरएसमध्ये थेट ६०० गुण, म्हणजे आमंत्रण जवळजवळ नक्की. पण हे मार्ग भरवशाचे राहिलेले नाहीत. केंद्राने २०२५ साठी प्रांतिक कार्यक्रमाचं लक्ष्य २०२४ च्या १,१०,००० वरून ५५,००० केलं, २०२६ साठी पुन्हा ९१,५०० वर आणलं. एवढ्या चढउतारात प्रांत आपले प्रवाह बंद-चालू करत राहतात. ब्रिटिश कोलंबियाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रवाह जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. क्यूबेकने पीईक्यू या आपल्या निवड कार्यक्रमाचा पदवीधर प्रवाह ३० ऑक्टोबर २०२४ ला थांबवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कार्यक्रमच संपवला. तिथली निवड आता अरिमा पोर्टलवरून होते आणि ती एक्सप्रेस एन्ट्रीपासून पूर्ण वेगळी आहे. म्हणून ‘अमुक प्रांतात शिकलं की पीआर मिळतो’ या वाक्यावर कॉलेज निवडू नका. प्रवेश घेताना असलेला प्रवाह पदवी मिळेपर्यंत टिकेलच असं नाही.

अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्राम मात्र विद्यार्थ्यांसाठी खरोखर वेगळा आहे. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलँड आणि लॅब्राडोर या चार प्रांतांतल्या मान्य संस्थेत किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम, पदवीआधीच्या दोन वर्षांत १६ महिने तिथे वास्तव्य, आणि अर्ज पदवीनंतर २४ महिन्यांच्या आत. हे जमलं तर कामाच्या अनुभवाची अटच माफ. नियुक्त यादीतल्या मालकाची ऑफर आणि प्रांताची मान्यता लागते. टीअर ४ ची पूर्णवेळ कायम नोकरीही इथे चालते, भाषा टीअर ०-३ ला सीएलबी ५, टीअर ४ ला सीएलबी ४. प्रश्नकर्त्या ऑन्टारिओत शिकल्या, त्यांना पदवीधरांची ही सवलत नाही. पण हा धागा वाचणाऱ्या ज्यांचा प्रवेश अजून व्हायचा आहे त्यांनी याचा विचार करावा.

रुरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, चौदा गावं-शहरं त्यात आहेत. ऑन्टारिओतली नॉर्थ बे, सडबरी, टिमिन्स, सू सेंट मरी आणि थंडर बे त्यात येतात. तिथे शिकून तिथेच राहिलेल्यांना अनुभवाची सूट आहे, बाहेर शिकलेल्यांना एक वर्षाचा अनुभव दाखवून जाता येतं. टोरांटोत अकाउंट्सच्या एका जागेसाठी शेकडो अर्ज पडत असताना या शहरांकडे बघायला हरकत काय?

---

फायलीतला_कागद

सगळे ड्रॉपर्यंत बोलले, त्यानंतरचं मी सांगतो. आमंत्रण आलं की ६० दिवस. मुदतवाढ नाही. त्यात न बसणाऱ्या दोन गोष्टी आहेत, त्या आधीच हाताशी ठेवा.

पहिली, पोलीस प्रमाणपत्र. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलं लागतं. सध्या कॅनडात राहता म्हणून कॅनडाचं लागत नाही. भारताचं लागतं, आणि ते तुम्ही भारत सोडल्यानंतरच्या तारखेचं हवं. व्हिसासाठी निघण्यापूर्वी काढलेलं जुनं प्रमाणपत्र लावू नका. कॅनडातून ते बीएलएस या भारतीय दूतावासाच्या सेवा केंद्रामार्फत काढतात. पासपोर्टवरचा पत्ता बदललेला असेल तर भारतातली पोलीस पडताळणी रेंगाळते. गुण कटऑफच्या दहा-पंधरा जवळ आले की अर्ज टाका, आमंत्रणाची वाट बघू नका.

दुसरी, रेफरन्स लेटर. सर्वांत जास्त फायली याच कागदावर पडतात. कंपनीच्या लेटरहेडवर पत्ता, फोन, ईमेल, वरिष्ठाचं नाव, पद, सही, तुमचं पद, रुजू झाल्याची तारीख, अजून कामावर असाल तर तसा उल्लेख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ, आणि कामांची यादी. एचआर बहुतेकदा तीन ओळींचं साचेबद्ध पत्र देते, त्यात तास आणि कामं नसतात. तसं असेल तर थेट वरिष्ठाकडून वेगळं सविस्तर पत्र घ्या आणि दोन्ही लावा. कामांची यादी एनओसीच्या पानावरून जशीच्या तशी उतरवू नका, ते लगेच ओळखू येतं आणि पत्राची विश्वासार्हता जाते. तेच काम तुमच्या ऑफिसातल्या शब्दांत लिहून घ्या: कोणतं सॉफ्टवेअर, किती खात्यांचं रिकन्सिलिएशन, कोणते अहवाल. सोबत टी४, करखात्याचं नोटीस ऑफ असेसमेंट, पे-स्टब. भारतातल्या नोकरीचे गुण मागताय, तर तिथलंही असंच पत्र लागेल. ती कंपनी बंद पडायच्या किंवा साहेब बदलायच्या आत मागून घ्या.

वैद्यकीय तपासणी २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाबरोबरच द्यावी लागते. पूर्वी अर्जानंतर सूचना यायची, आता तसं नाही. ती नियुक्त पॅनेल डॉक्टरकडेच होते. घरच्या डॉक्टरचा अहवाल चालत नाही. आमंत्रण आल्याच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या.

सीईसीखाली आमंत्रण असेल तर बँकेतली शिल्लक दाखवावी लागत नाही, तरी पोर्टलवर तो रकाना फाइल मागतो. तिथे ‘मला सीईसीखाली आमंत्रण आहे, निधीचा पुरावा लागू नाही’ असं सही केलेलं पत्र टाका. रकाना रिकामा ठेवून अर्ज पुढे जात नाही.

फी ३० एप्रिल २०२४ च्या वाढीत ९५० आणि पीआर हक्काचे ५७५ मिळून १,५२५ डॉलर झाली. दर दोन वर्षांनी त्याच तारखेला ती वाढते, म्हणून भरण्याच्या दिवशीचा आकडा पाहा. कमी रक्कम भरली तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, आणि तोवर ६० दिवस उलटले असतील तर आमंत्रणही गेलं.

आणि परमिट संपत आलं असेल तर ब्रिजिंग ओपन वर्क परमिट, म्हणजे पीआरचा निर्णय येईपर्यंत काम करू देणारा परमिट. इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे: आमंत्रण आलं की तो मिळतो. नाही. पीआरचा पूर्ण अर्ज जायला हवा आणि तो दाखल झाल्याची पोच हातात हवी. त्या वेळी पीजीडब्ल्यूपी जिवंत हवा. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. तुमचा परमिट समजा जून २०२९ ला संपतो. अर्ज फार तर एप्रिलपर्यंत गेला पाहिजे, म्हणजे आमंत्रण फेब्रुवारीच्या आत हवं. त्यानंतर आलेलं आमंत्रण ऐन वेळी कामाची परवानगी संपवू शकतं.

---

बेरीज_वजाबाकी

वरच्या तारखा वाचून एक भर घालते, माझ्या उत्तरात राहून गेली होती. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, आणि तो प्रोफाइल करताना, आमंत्रणाच्या दिवशी व अर्ज पाठवताना, तिन्ही वेळा वैध असावा लागतो. तुम्ही मार्च २०२६ ला परीक्षा दिलीत तर ती मार्च २०२८ ला संपेल. तुमचे ५३० गुण होतात जून २०२८ ला. मधल्या तीन महिन्यांत प्रोफाइल आपोआप बाद होईल. म्हणून २०२७ च्या अखेरीला दुसऱ्यांदा परीक्षा द्यायचीच आहे असं धरून चाला, आणि नवा निकाल आला की जुना संपण्यापूर्वीच प्रोफाइलमध्ये टाका. प्रोफाइलची स्वतःची मुदतही १२ महिन्यांचीच असते, ती संपली की ते नव्याने भरावं लागतं.

---

प्राजक्त_ओंजळ

जनरल ट्रेनिंगची १४ मार्चची तारीख घेतली. ईसीएसाठी विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज भावाकडून या आठवड्यात टाकून घेते. भारतातल्या जुन्या कंपनीतले अकाउंट्सचे साहेब येत्या महिन्यात निवृत्त होत आहेत, त्यांना आजच पत्रासाठी फोन करते.

---

फायलीतला_कागद

फोन कराच, आणि पत्रात आठवड्याचे तास लिहायला विसरू देऊ नका. भारतातल्या पत्रांत तेवढंच हमखास राहून जातं.